घर्षणाचे यंत्रशास्त्र, लेखांक ७ : पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड

बुऱ्हाणपूरहून इंदूरकडे जाणारा रस्ता असीरगडाजवळ सातपुडा ओलांडतो, आणि परतीच्या प्रवासात तापीच्या खोऱ्याकडे उतरणाऱ्या मोटारीला उंचीमुळे मिळालेली ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. १,००० किलो वजनाची मोटार १०० मीटर खाली आली की सुमारे ९८० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. हीच मोटार ताशी ६० किलोमीटरच्या वेगातून पूर्ण थांबवताना जितकी उष्णता निर्माण होते, तिच्या ती सातपट आहे. खालच्या गिअरमध्ये उतरणारा चालक यातला बराच भार इंजिनावर टाकतो, तर इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारा जवळजवळ सगळा ब्रेकवर लादतो, आणि त्याची बचत पुढे पॅडच्या खर्चात निघून जाते. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकांवर येत असल्याने पुढचे पॅड सहसा आधी झिजतात.

पॅड म्हणजे पोलादी पट्टीवर बसवलेला घर्षणद्रव्याचा थर. चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कच्या दोन्ही बाजूंना असे एकेक पॅड असते आणि कॅलिपर नावाचा चिमटा, तेलाच्या दाबाने पुढे सरकणाऱ्या पिस्टनच्या जोरावर, ते डिस्कवर आवळतो. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी अशा ब्रेकचे पेटंट १९०२ मध्येच घेतले होते, तरी १९५३ च्या ल माँ शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार विजयी झाल्यानंतरच त्याची महती सर्वत्र पटली. नव्या पॅडवरील थर साधारण १० मिलिमीटरच्या आसपास असतो, आणि तो ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलणे इष्ट ठरते.

घरी हे काम करताना खरा धोका पॅडमध्ये नसून वर उचललेल्या गाडीत असतो. गाडी सपाट, कठीण जमिनीवर उभी करून हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना अडण लावावी, चाकाचे नट चाक जमिनीवर टेकलेले असतानाच थोडे सैल करावेत, आणि जॅकने उचललेली गाडी स्टँडवर, म्हणजे गॅरेजमधल्या घोडीवर, टेकवल्याशिवाय चाक काढू नये. गाडीबरोबर मिळणारा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. विटांची चळत तर कधीच वापरू नये, कारण वीट भाराखाली अचानक फुटते.

कॅलिपर सोडवल्यावर तो रबरी नळीवर लोंबकळू न देता तारेने बांधून ठेवावा. जुन्या पॅडची धूळ फुंकणे वा हवेच्या झोताने उडवणे टाळून ओल्या फडक्याने पुसावी, कारण जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. आतले आणि बाहेरचे पॅड असमान झिजलेले आढळले, तर ज्या पिनांवर कॅलिपर सरकतो त्या बहुधा अडकलेल्या असतात. त्या साफ करून ब्रेकसाठीचेच ग्रीस लावल्याविना नवे पॅड घालणे म्हणजे तोच दोष पुन्हा विकत घेणे होय. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती पातळ झाली असल्यास तीही बदलावी लागते. पिस्टन क्लॅम्पने सावकाश मागे दाबताना वरच्या टाकीतील ब्रेक ऑइल चढते, म्हणून टाकीवर लक्ष ठेवावे. ते रंगावर सांडल्यास रंग निघतो. पॅड नेहमी दोन्ही पुढच्या चाकांचे एकदम बदलावेत, अन्यथा गाडी एका बाजूला ओढू लागते.

चाक बसवून, गाडी खाली घेऊन, नट समोरासमोरच्या क्रमाने आवळल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत अनेकदा दाबावे. मागे ढकललेला पिस्टन पॅडला भिडेपर्यंत पहिला दाब पोकळ जातो, आणि ही पायरी विसरलेली गाडी थांबतच नाही. त्यानंतर रिकाम्या, सपाट रस्त्यावर मध्यम वेगातून काही वेळा हलके ब्रेक लावून नव्या पॅडचा पृष्ठभाग डिस्कशी जुळवून घ्यावा. पेडल तरीही मऊ राहिले, पिस्टन मागे सरकला नाही किंवा नळीपाशी तेलाचा ओलावा दिसला, तर ती गाडी रस्त्यावर काढू नये आणि पुढचे काम जाणत्या मेकॅनिककडेच सोपवावे.