दूधसागर : जीपने की पायी?

पाऊस लागला की वर्गात हा प्रश्न हमखास येतो, "टीचर, दूधसागर आता भरला असेल ना? मग सहल आत्ताच का नाही?"

प्रश्न चुकीचा नाही. सुमारे ३१० मीटर उंचीवरून टप्प्याटप्प्याने कोसळणारे हे पाणी जुलै-ऑगस्टमध्येच खरे दुधासारखे दिसते. (खडकावर आपटताना पाण्यात हवा मिसळते, म्हणून तो पांढरा रंग.) तरीही आम्ही सहल नोव्हेंबरात ठेवतो. त्याचे कारण पालकांनाही कळावे.

कुळेहून जीपची वाट भगवान महावीर अभयारण्यातून जाते आणि मध्ये पाण्यातूनच पार व्हावे लागते. साध्या गाडीत इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो. त्यांतले एक शेवाळलेल्या दगडावर गरगर फिरू लागले, की गाडी जागीच अडकते. चारही चाकांना जोर असलेल्या जीपची पुढची जोडी घसरली तरी मागची ढकलते. पण चाके जमिनीला टेकायला तर हवीत! घाटमाथ्यावर पाऊस झाला, की खाली ऊन असतानाही लोंढा येतो आणि गाडी पाण्यावर उचलली गेली की चार चाके काय नि दोन काय. म्हणून पावसाळ्यात जीप बंद असतात, त्या साधारण ऑक्टोबरात सुरू होतात.

मग पायी? आमचे काही माजी विद्यार्थी रुळांवरून चालत गेल्याचे रंगवून सांगतात. ऐकायला मजा येते, पण तसे करू नये. १८८८ साली सुरू झालेला हा लोहमार्ग कुळे ते कॅसलरॉक दर ३७ मीटरला १ मीटर चढतो. असा घाट उतरणारी अवजड मालगाडी चटकन थांबत नाही. बोगद्यात बाजूला व्हायला जागा मिळेलच असे नाही, आणि धबधब्याजवळ गाडीची चाहूल पाण्याच्या आवाजात बुडते. रुळांवरून चालणे कायद्यानेही गुन्हा आहे. जुलै २०२३ मध्ये असे गेलेल्या पर्यटकांना रेल्वे पोलिसांनी अडवले, काहींना तर उठाबशा काढायला लावल्या!

जीप थांबते तिथून शेवटचा टप्पा दगडधोंड्यांतून पायीच आहे. चपला नकोत, पकड असलेले बूट घाला. डोहात उतरायचे तर लाइफ जॅकेट हवेच. खाऊ पिशवीत बंद ठेवा, माकडे टपलेली असतात. आणि रिकामी पाकिटे परत आणा. हेच पाणी पुढे खांडेपार नदीतून ओपाला पोचते आणि तिथे शुद्ध होऊन आपल्या फोंड्याच्या नळांना येते.