जमीन आहे, पण तारण नाही : अमेरिकेतील आदिवासी जमाती आणि लहान धंद्यांचे कर्ज

लहान धंद्यासाठी बँकेत गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न तारणाचा विचारला जातो आणि दुसरा जामीनदाराचा. ज्या सभासदांनी कधी कर्जाचा अर्ज भरला आहे, त्यांना हा अनुभव नवा नाही. अमेरिकेतील आदिवासींपुढेही पिढ्यानपिढ्या हाच प्रश्न उभा राहिला. तो सोडविण्यासाठी तेथे कोणते उपाय झाले, याची माहिती सभासदांना व विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून आम्ही ती येथे थोडक्यात देत आहोत.

जमातीचे सरकार

अमेरिकेच्या केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या जमातींची संख्या ५७० हून अधिक आहे. या जमातींना स्वतःचा कारभार करण्याचा अधिकार आहे. बहुतेकांची निवडून आलेली परिषद असते, अनेकांची स्वतःची न्यायालयेही असतात. त्यांचा संबंध राज्यापेक्षा थेट केंद्र सरकारशी येतो. त्यांच्यासाठी राखलेले प्रदेश बहुतांशी ग्रामीण भागात, शहरांपासून दूर आहेत. तेथे दुकान, गॅरेज किंवा गुरांचा व्यवसाय उभा करायचा, तर भांडवल आणायचे कोठून?

जमीन गहाण का पडत नाही?

१८८७ साली अमेरिकेत एक कायदा झाला. त्याने जमातींची सामाईक जमीन तोडून माणशी वाटून दिली आणि उरलेली गोऱ्या वसाहतवाल्यांसाठी खुली केली. वाटून मिळालेल्या जमिनीही विक्री व करांच्या थकबाकीपायी हातच्या गेल्या. १८८७ मध्ये जमातींकडे सुमारे १३ कोटी ८० लाख एकर जमीन होती. १९३४ पर्यंत ती ४ कोटी ८० लाख एकरांच्या आसपास उरली. १९३४ च्या कायद्याने ही वाटणी थांबविली.

विश्वस्त या नात्याने केंद्र सरकारने आपल्या नावावर ठेवलेली जमीन सरकारच्या परवानगीवाचून विकता येत नाही व गहाणही टाकता येत नाही. हे संरक्षण आवश्यकच होते. परंतु जी जमीन जप्त करता येत नाही, तिच्यावर बँक कर्ज देत नाही. म्हणजे ज्या कायद्याने जमीन वाचविली, त्याच कायद्याने कर्जाचा दरवाजा अडला. आपल्याकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ मध्ये आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध आहेत. त्यांचाही हेतू संरक्षणाचाच आहे. तेव्हा ही अडचण आपल्या वाचकांना परकी वाटू नये.

सरकारी मदतीचे तीन मार्ग

पहिला मार्ग फिरत्या निधीचा. १९३४ च्या कायद्यात यासाठी १ कोटी डॉलरपर्यंतची तरतूद होती. जमातीने सरकारकडून कर्ज घ्यावे, ते आपल्या सभासदांना द्यावे, आणि वसूल झालेला पैसा पुन्हा दुसऱ्याच्या उपयोगी पडावा, अशी ही कल्पना होती.

दुसरा मार्ग हमीचा. १९७४ च्या कायद्याने कर्जाच्या ९० टक्क्यांपर्यंत सरकारी हमी देण्याची सोय केली. धंद्यात आदिवासींची मालकी निदान ५१ टक्के असावी आणि धंद्यात त्यांचा स्वतःचा वाटा निदान २० टक्के असावा, या तिच्या प्रमुख अटी. समजा, एखाद्या गॅरेजला १ लाख डॉलर लागतात. मालक २० हजार घालतो, बँक ८० हजार देते. कर्ज सबंध बुडाले, तरी ७२ हजारांची भरपाई सरकार करते. बँकेचा धोका ८ हजारांपुरताच राहतो. मात्र हमी म्हणजे कर्जमाफी नव्हे. कर्जदाराचे देणे संपत नाही, ते सरकारला फेडावे लागते.

तिसरा मार्ग २०२१ चा. त्या वर्षी लहान उद्योगांच्या पतपुरवठ्यासाठी मंजूर झालेल्या १० अब्ज डॉलरपैकी ५० कोटी डॉलर जमातींच्या सरकारांसाठी राखले गेले. या योजनेत हमीबरोबरच तारणपूरक मदतीचीही सोय ठेवली गेली. कर्जदाराचे तारण कमी पडत असेल, तर जमातीने त्या बँकेत रोख ठेव ठेवायची आणि ती ठेवच तारण म्हणून धरायची.

जवळची संस्था

परंतु योजना कागदावर असून भागत नाही. माँटाना राज्यातील ब्लॅकफीट जमातीच्या प्रदेशातील एकमेव बँक १९८३ साली बंद झाली. तेव्हा जमातीच्या खजिनदार एलुईज कोबेल यांनी पुढाकार घेतला आणि १९८७ साली जमातीच्या मालकीची बँक उभी राहिली. पुढे इतर जमातींनी तिला हात दिला व २००१ साली त्यातून मोठी संयुक्त बँक झाली.

साउथ डकोटातील पाइन रिज या लकोटा लोकांच्या प्रदेशात १९८६ साली लकोटा फंड सुरू झाला. तेथील अनेक कर्जदारांचे बँकेत कधी खातेच नव्हते. म्हणून बांगलादेशातील ग्रामीण बँकेची पद्धत तेथे आणली गेली. चारपाच जणांनी मंडळ करायचे, आधी हिशेबाचे प्रशिक्षण घ्यायचे आणि एकमेकांच्या परतफेडीची काळजी वाहायची. मणीकाम करणारे, गोधड्या शिवणारे कारागीर या मार्गाने कर्जदार झाले. जमीन तारण नव्हती, तेथे शेजाऱ्याचा विश्वास तारण ठरला. आपल्या बचत गटांचे तत्त्व हेच आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हार्वर्ड विद्यापीठात १९८७ साली जमातींच्या आर्थिक विकासाच्या अभ्यासाचा प्रकल्प सुरू झाला. जेथे धंद्याचा व्यवहार परिषदेच्या राजकारणापासून वेगळा ठेवला गेला, तेथे उद्योग अधिक टिकले, असे त्याच्या अभ्यासकांनी दाखवून दिले. कर्ज कोणाला द्यावे हे निवडणुकीच्या गटावरून ठरू लागले, की वसुली थांबते; आणि वसुली थांबली, की फिरता निधी फिरत नाही. त्याचा फटका रांगेतल्या पुढच्या गरजू माणसाला बसतो.

आपण काय घ्यावे?

आपल्याकडे अनुसूचित जमातींसाठी नाशिकचे शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळ आहे. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे. नावे सर्वांना ठाऊक असतात. पण अर्ज कसा भरावा, धंद्याचा अंदाज कसा मांडावा, जामीनदार कोठून आणावा, या ठिकाणी माणूस अडतो आणि शेवटी सावकाराकडे जातो.

आमच्या मते ही उणीव भरून काढणे संस्थेच्या आवाक्यातले आहे. ज्यांनी कर्ज घेऊन फेडले, त्या सभासदांनी नव्या अर्जदाराबरोबर कार्यालयात जावे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ जमाखर्च शिकविण्यासाठी द्यावी. आणि घेतलेल्या कर्जाचा हप्ता वेळेवर भरणे हे आपल्या मागून येणाऱ्याचे देणे आहे, असे प्रत्येकाने समजावे.