उताराला वळसा घालणारा खेळ

नातेपुत्याहून शिंगणापूरची वाट धरली की महादेवाचे डोंगर समोर उभे राहतात. चैत्रात कोथळ्याकडून शंभूमहादेवाच्या कावडी मुंगी घाटाने वर जातात. ती वाट थेट अंगावर येते. माणसांची साखळी करून, हाताला हात देत कावड ओढून घ्यावी लागते. डोंगर अंगावर घ्यायचा, ही शंभूमहादेवाच्या भक्तांची रीत. डोंगरावरच्या गोल्फच्या मैदानाची रीत नेमकी उलटी. तिथे डोंगर चढल्याचं खेळणाऱ्याला कळताच कामा नये.

पुण्याच्या पश्चिमेला, बावधन-लवळ्याच्या डोंगरउतारावर ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्टचे १८ होल आहेत. सपाट माळावर मैदान आखणारा दिशा आणि अंतर पाहतो. डोंगरावर आधी उंचीच्या रेषांचा नकाशा पुढ्यात घ्यावा लागतो. सरळ चढणारा फेअरवे, म्हणजे फटक्यांचा लांब हिरवा पट्टा, दमवतो, वरचं ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची हिरवळ, खालून दिसत नाही आणि कमी पडलेला फटका गडगडत परत पायाशी येतो. म्हणून फेअरवे शक्यतो उताराला आडवे किंवा तिरके घेतात. उरलेली चढण एका होलच्या ग्रीनपासून पुढच्या टीपर्यंतच्या, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपर्यंतच्या, वाटेत ढकलतात. ती बग्गीत बसून पार होते. टी उंचावर आणि ग्रीन खाली ठेवलं की चेंडू बराच वेळ हवेत दिसतो. डोंगरी मैदानाची खरी मौज हीच.

सगळ्यात अवघड काम ग्रीनचं. तिथलं गवत तीन-चार मिलिमीटरवर कापलेलं असतं. भोक अवघं १०८ मिलिमीटर रुंद. त्याच्या आसपास शंभरात दोन-तीनपेक्षा जास्त उतार झाला की चेंडू थांबेनासा होतो. मग डोंगराची एक बाजू खोदायची, ती माती दुसऱ्या बाजूला भरायची आणि पायरी पाडायची. भराव नीट दाबला नाही तर पहिल्याच पावसात खचतो. दख्खनच्या टेकड्यांवर मातीचा थर पातळ. खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. त्यामुळे ग्रीन जवळजवळ कुंडीसारखं बांधतात: तळाला निचऱ्याचे पाइप, त्यावर सुमारे १० सेंटिमीटर खडी आणि वर सुमारे ३० सेंटिमीटर वाळूमिश्रित थर.

खेळणाऱ्याचीही परीक्षा होते. चेंडू पायांपेक्षा उंचावर असेल तर उजव्या हाताच्या खेळाडूचा फटका डावीकडे वळतो. खाली असेल तर उजवीकडे. ग्रीन दहा मीटर उंच असेल तर ढोबळ हिशेबाने अंतर दहा मीटरने वाढलंय असं धरून फटका मारायचा. डोळेही फसवतात. सगळा परिसरच कललेला असल्याने उतार सपाट वाटतो आणि सपाट जागा चढ. अशा वेळी जाणता कॅडी ग्रीनकडे पाहण्याआधी डोंगर कुठल्या बाजूला आहे ते पाहतो, कारण चेंडूचा ओढा बहुधा डोंगरापासून दूर असतो.

हे सगळं साधलं तरी शेवटी मैदान टिकतं ते पाण्याच्या बंदोबस्तावर. पावसाळ्याचे चार महिने पाणी फार, पुढचे आठ महिने नाही. वरून लोंढा आला की बंकरची वाळू वाहते, बग्गीच्या वाटांचे ओढे होतात. म्हणून माथ्याजवळ आडवे चर काढून पाणी बाजूला वळवतात आणि खालच्या तळ्यांत साठवतात. उन्हाळ्यात तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवायचं. जितकी उंची जास्त, तितकं विजेचं बिल मोठं. खेळाडूला सुंदर दिसणारं तळं म्हणजे मैदानाचं कोठार असतं.

नातेपुते ज्या माळशिरस तालुक्यात आहे, तिथल्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. उताराला आडवा बांध घालावा, ओघळ अडवावी, माती जागच्या जागी ठेवावी, हे तो पिढ्यान् पिढ्या करत आलाय. नातेपुत्याच्या सखल शिवारात नीरेच्या उजव्या कालव्याने ऊस उभा केला. डोंगराची कूस मात्र पर्जन्यछायेत कोरडीच राहिली. उद्या कोणी त्या कुशीवर गोल्फचं मैदान आखायला आलाच, तर त्याने होल किती बसतात हे नंतर मोजावं. आधी एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला घेऊन उतारावर उभं राहावं आणि विचारावं, "आबा, वळवाचं पाणी इथनं कुठं जातं?"