क्रशरवरचे कान

'टीव्हीचा आवाज फार मोठा ठेवतात,' ही तक्रार कामगार स्वतः करत नाही, सोबत आलेली बायको करते. समृद्धी महामार्ग आपल्या कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव तालुक्यांतून गेला. रस्ता म्हटला की गिट्टी आली, गिट्टी म्हटली की क्रशर आणि ब्रेकर. तिथे आवाज 90 डेसिबलवर सहज जातो. धोका मात्र 85 पासूनच. अंतःकर्णातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. आधी 4000 हर्ट्‌झच्या आसपासचे बारीक स्वर जातात. बोलणे ऐकू येते, पण शब्द कळत नाहीत.

कानात कापूस कोंबून फारसे साधत नाही. इअरमफ चांगले, पण मे महिन्याच्या उन्हात दिवसभर कोण घालेल? म्हणून आधी यंत्राकडे बघा. दगड आदळतो त्या पत्र्याला रबर लावा, सैल नटबोल्ट आवळा, फुटका सायलेन्सर बदला, ऑपरेटरच्या केबिनचे दार बंद ठेवा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. निदान डबा खायची जागा तरी लांब न्या.

आणि कामावर घेतानाच ऑडिओमेट्री करा, पुढे दरवर्षी. तो पहिला आलेख नसेल, तर कान क्रशरने गेले की वयाने, हे आम्हा डॉक्टरांनाही सांगणे कठीण जाते.