विशालकोनी भिंगातून मालवण

सिंधुदुर्ग किल्ला एका चित्रात सबंध बसवावा, अशी इच्छा मालवणच्या धक्क्यावर उभ्या राहणाऱ्या बहुतेकांना होते. मलाही झाली होती. १६६४ ते १६६७ या काळात शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर बांधून घेतलेला हा किल्ला. त्याचा तट आतबाहेर वळणे घेत सुमारे दोन मैल फिरतो. माझ्या साध्या लेन्समध्ये त्याचे एक टोक आले की दुसरे निसटे. म्हणून काही वर्षांपूर्वी, घरात फारशी वाच्यता न करता, जवळजवळ महिन्याच्या पगाराची सोळा मिलिमीटरची अतिविशालकोनी लेन्स मी घेतली आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे धक्का गाठला.

किल्ला सबंध आला. पण कसा? वर आभाळच आभाळ, खाली पाणीच पाणी, आणि मध्ये काळा दोरा ठेवावा तशी एक रेघ. ती रेघ म्हणजे सिंधुदुर्ग!

दोष लेन्सचा नव्हता, माझ्या हिशेबाचा होता. तो हिशेब मी आधी कागदावर केला असता तर बरे झाले असते. तटाची उंची तीस फूट म्हणजे नऊ मीटर धरा आणि आपण आठशे मीटरवर उभे आहोत असे समजा. सोळा मिलिमीटरच्या लेन्सने कॅमेऱ्यातील पडद्यावर तटाची उंची पडते ०.१८ मिलिमीटर, आणि तो पडदा असतो २४ मिलिमीटर उंच. हेच चित्र आठ इंच उंचीच्या कागदावर छापले तर तट भरतो दीड मिलिमीटर. तांदळाचा दाणा आडवा ठेवला तर तेवढाच. दूरची वस्तू मोठी हवी असेल तर दूरलक्ष्यी लेन्सच पाहिजे. १९३४ सालच्या ‘अमृतमंथन’मध्ये व्ही. शांताराम यांनी चंद्रमोहनचा डोळा पडदाभर दाखवला तो तशा लेन्सच्या बळावर. माझी खरेदी नेमकी उलट दिशेची होती.

मग ही लेन्स करते तरी काय? लेन्सवर जो मिलिमीटरचा आकडा असतो ते तिचे नाभीय अंतर. हे अंतर जितके कमी, तितका दृष्टीचा कोन मोठा. पूर्ण आकाराच्या म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरच्या पडद्यावर पन्नासची लेन्स चित्राच्या कर्णावर सुमारे ४७ अंश पाहते, चोवीसची ८४ अंश आणि सोळाची १०७ अंश. चोवीसच्या खाली गेलो की अतिविशालकोनी प्रांत सुरू होतो, असे साधारण मानतात. आपल्या मोबाईल फोनवर ०.५ असे लिहिलेले जे बटण असते तेही बहुधा तेरा मिलिमीटरच्या आसपासचेच काम करते. तेव्हा ही चीज आता कोणाला परकी नाही. बहुतेकांच्या खिशात आहे. मात्र ‘जास्त मावते’ एवढ्याच कारणासाठी ती वापरली जाते, आणि चित्रे माझ्या त्या दोऱ्यासारखी निघतात.

या लेन्सचा खरा उपयोग मला शिकवला दांडीच्या किनाऱ्यावरच्या एका वयस्कर रापणकरांनी. रापण आपण पाहिली असेल. होडीतून मोठे जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडायचे आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून दोन टोळ्यांनी ओढत आणायची. तारली, पेडवे, बांगडे, जे आत सापडेल ते वाळूवर येते आणि मग त्याचे वाटे पडतात. मी सगळे एकदम टिपावे म्हणून वीस पावले मागे उभा होतो. ते दोर ओढता ओढता ओरडले, “मास्तरांनू, थयसून काय गावतला? जवळ येवा!”

मी जवळ गेलो. अगदी दोन फुटांवर. आणि तिथे ती लेन्स एकदम बोलू लागली. ओल्या दोराचा पीळ, त्यावरची बोटे, बोटांच्या पेरांत अडकलेली वाळू हे सारे खाली मोठे दिसत होते. दोर तिथून निमुळता होत ओढणाऱ्यांच्या रांगेतून पाण्यात शिरत होता, आणि पलीकडे किल्ला होता. तितकाच लहान होता, पण आता तो त्या दोराच्या शेवटी होता. धक्क्यावरून जो निरर्थक वाटला त्यालाच इथे जागा सापडली.

यात जादू काही नाही. वस्तू लहानमोठी दिसणे हे तिच्या अंतरावर ठरते. हात दोन फुटांवर आणि होडी वीस फुटांवर असेल तर अंतरात दहापट फरक आहे. तुम्ही वीस फूट मागे सरा. हात बावीस फुटांवर, होडी चाळीसवर, फरक दुपटीचाही उरत नाही. लेन्स तुम्हाला इतके जवळ जाऊनही भोवतालचे पाहू देते, इतकेच तिचे कर्तृत्व. बाकीचे काम पायांचे. म्हणून ही लेन्स लावल्यावर आधी जवळची एक वस्तू शोधावी. होडीची नाळ, खडकातले पाण्याचे डबके, वाळत घातलेले जाळे, काहीही चालेल. ती सापडली नाही तर कॅमेरा खुशाल पिशवीत ठेवावा.

इतके जवळचे आणि दूरचे दोन्ही स्पष्ट कसे यावे? इथे लहान नाभीय अंतर मदतीला येते. सोळाच्या लेन्सचे छिद्र आठच्या आकड्यावर ठेवा आणि नेम साडेतीन फुटांवर धरा. पावणेदोन फुटांपासून क्षितिजापर्यंत सगळे पुरेसे रेखीव येते. उगाच सोळा-बावीसपर्यंत छिद्र बारीक करू नये. अति बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि कमावलेला रेखीवपणा पुन्हा हातचा जातो.

किल्ल्याच्या आत गेल्यावर मात्र ‘जास्त मावणे’ हाही गुण ठरतो. सिंधुदुर्गाचा दरवाजा बाहेरून दिसत नाही. दोन बुरुजांच्या कवेत वळून शिरावे तेव्हा तो समोर येतो. तिथे मागे सरकायला जागाच नाही. शत्रूला जागा मिळू नये म्हणूनच तशी रचना, तिथे छायाचित्रकाराची सोय कोण पाहणार! विशालकोनी लेन्सवाचून तिथे दोन्ही बुरुज एका चित्रात येत नाहीत. पण उंची गाठण्यासाठी कॅमेरा वर उचललात की दोन्ही बुरुज वरच्या अंगाला एकमेकांकडे कलतात. कॅमेरा समतल धरावा, खाली नको असलेली जमीन येईल ती येऊ द्यावी आणि नंतर कापून टाकावी. समुद्रकाठी आणखी एक पथ्य: क्षितिजाची रेघ चित्राच्या मध्यातून नेली तर ती सरळ राहते, पण वर किंवा खाली नेली तर पुष्कळ लेन्स तिला वाकवतात. डोंगरात हे कोणी पाहत नाही. समुद्र मात्र लगेच चुगली करतो.

आता कडांचा प्रश्न. तो मला महागात पडला, म्हणून सविस्तर सांगतो. मी भूगोल शिकवतो, तेव्हा नकाशाचे उदाहरण आपोआप तोंडी येते. पृथ्वीचा गोल सपाट कागदावर पसरायचा तर कुठेतरी ताण पडणारच. भिंतीवरच्या नकाशात ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढे दिसते. वास्तविक आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. भिंगाचेही तसेच. आपल्या भोवतीचा गोल देखावा सपाट पडद्यावर उतरवायचा असतो. सरळ रेषा सरळच ठेवणारी साधी विशालकोनी लेन्स हे आमच्या भाषेत केंद्रीय प्रक्षेपण झाले. त्यात भिंती, खांब, डोलकाठ्या सरळ राहतात आणि त्याची किंमत कडेचे गोल आकार मोजतात. चोवीसच्या लेन्समध्ये अगदी डाव्या-उजव्या कडेला असलेला नारळ सव्वापट लांबट होतो, सोळाच्या लेन्समध्ये दीडपट. नारळाचे ठीक आहे. माणसाचे डोके गोलच असते.

त्या रापणीच्या चित्रात मला हाक मारणारे ते गृहस्थ उजव्या कडेला होते. चित्र मला इतके आवडले होते की कडेकडे माझे लक्षच गेले नाही. दोन वर्षांनी त्यांचे चिरंजीव घरी आले. वडील वारले होते आणि घरात लावण्याजोगा एकही फोटो नव्हता. मी मोठ्या आनंदाने चित्र काढून दाखवले. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “बापूसच तो, पण तोंड दुसऱ्याचा दिसता.” खरेच होते. गाल आडवे ओढले गेले होते, एक कान खांद्यापर्यंत गेल्यासारखा. मी चाळीस माणसांचा देखावा टिपला होता, आणि ज्यांनी मला जवळ बोलावले त्यांचाच चेहरा बिघडवला होता.

संगणकावर दुसरे प्रक्षेपण लावून चेहरा बराचसा ठिकाणावर आणता येतो. तो मी आणला. ताण मग क्षितिजावर गेला आणि चेहऱ्यामागचा समुद्र मध्याकडे फुगला. तेवढा भाग कापून, मोठा करून दिला. त्यांनी तो चौकटीत बसवून लावला आहे. तेव्हापासून माणूस कडेला येतोसे दिसले की मी थांबतो, त्याला मध्याकडे घेतो, किंवा स्वतः वळतो. आणि दोन फुटांवर जाण्याआधी विचारतो. इतक्या जवळून कोणाचेही चोरून चित्र घेता येत नाही. मला वाटते हा या लेन्सचा गुणच आहे.

ज्यांना सरळ रेषांची पर्वा नाही त्यांच्यासाठी मत्स्यनेत्री भिंग असते. ते साऱ्याच गोष्टी गोलावर वाकवते आणि १८० अंशांपर्यंत पाहते. हे नाव अमेरिकन पदार्थवैज्ञानिक रॉबर्ट वुड यांनी १९०६ साली दिले. पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला पाण्यावरचे सगळे जग साधारण ९७ अंशांच्या एका गोल खिडकीत गोळा झालेले दिसते, यावरून. किल्ल्याजवळच्या प्रवाळात बुडी मारणाऱ्या मंडळींनी एकदा मान वर करून ती खिडकी जरूर पाहावी. पाण्यात चित्रे काढायचीच असतील तर कॅमेऱ्याच्या पेटीला घुमटाकार काच हवी. सपाट काचेमागे लेन्स आपला अर्धा रुबाब घालवते.

खरेदीचे दोन शब्द. आपला पडदा लहान म्हणजे दीडपट गुणकाचा असेल तर सोळाची लेन्स चोवीससारखी वागते. तिथे दहा-अकराची घ्यावी. छिद्र २.८ पर्यंत उघडणारी लेन्स जड आणि महाग असते. रात्रीचे तारे किंवा हिवाळ्यात कधीकधी निळी चमकणारी लाट टिपायची नसेल तर चारची पुरते. आणि पुढची काच बाहेर फुगलेली नसावी, कारण तिच्यावर साधी गाळणी बसत नाही, आणि आपल्या किनाऱ्यावर खाऱ्या तुषारांपुढे उघडी काच नेणे म्हणजे धाडस आहे. गाळणी लावा, पण आभाळ गडद करणारी ध्रुवीकरणाची नव्हे; एवढ्या रुंद आभाळात ती एकाच बाजूला काळपट डाग पाडते. पण त्याआधी महिनाभर फोनवरचे ते ०.५ चे बटण वापरून पाहा. जवळ जाण्याचा संकोच तेवढ्यात गेला नाही, तर पैसे वाचले असे समजा.

सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग २०२५ साली जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा कॅमेरे आता वाढणारच. येताना एक मऊ सुती फडके आणि बाटलीभर गोडे पाणी आणावे. किनाऱ्यावरून परतल्यावर काच कोरडी पुसू नये. मिठाचे कण तिच्यावर ओरखडे काढतात. फडके ओले करून घट्ट पिळावे, आधी मीठ टिपून घ्यावे, मगच कोरडे फडके फिरवावे. लेन्सच्या कडेची कडीही अशीच पुसावी. बहुतेक जण ती विसरतात आणि पुढल्या पावसाळ्यापर्यंत ती अडकून बसते.