भाच्याचा प्रश्न, 'लिटल सिंघम' आणि तुमचा सिनॉप्सिस

दिवाळीत फुलसावंगीला घरी होतो. कापसाची वेचणी सुरू, मोठी माणसं शेतात आणि मी भाच्याचा राखणदार. तो टीव्हीसमोर 'लिटल सिंघम' बघत बसलेला. मध्येच त्यानं विचारलं, "मामा, हे सारे चित्रं कोन काढते?" मी म्हटलं, कंपनीतले लोक. "एवढे?" म्हणाला आणि पुन्हा टीव्हीत घुसला. मी मात्र त्या 'एवढे'पाशी अडकलो. पेट देऊन आता विषय शोधत असलेल्या तुमच्यापैकी अनेकांनी हा 'एवढे' मोजून बघावा, म्हणून हा लेख.

आधी माहिती. रोहित शेट्टींचा 'सिंघम' 2011 मध्ये आला. तो स्वतः 2010 च्या तमिळ 'सिंगम'चा रिमेक. अजय देवगणचा बाजीराव सिंघम इतका चालला की एप्रिल 2018 मध्ये डिस्कव्हरी किड्सवर त्याचं बालरूप आलं. ही मालिका रिलायन्स अ‍ॅनिमेशन आणि रोहित शेट्टी पिक्चर्स यांची. रिलायन्स अ‍ॅनिमेशनचा स्टुडिओ आपल्या पुण्यातला. पुढे याच वाटेनं 2019 मध्ये 'गोलमाल ज्युनियर' आणि 2020 मध्ये 'स्मॅशिंग सिम्बा' आले. म्हणजे एक सुटं उदाहरण नाही, एक मालिकाच तयार झाली. संशोधकाला अशीच जागा हवी असते, कारण तिथे तुलना करता येते.

आता मोजू. आपल्याकडे टीव्हीचं प्रमाण सेकंदाला 25 फ्रेम. भाग 11 मिनिटांचा धरला तर 11 × 60 × 25 = 16,500 फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम टिकवलं तरी 8,250 चित्रं. एक माणूस दिवसाला 20 चित्रं काढतो असं समजा, तर एका भागाला त्याचे 400 हून जास्त दिवस जातील. रोज दिसणारी मालिका अशी होऊच शकत नाही.

मग होते कशी? टूडी मालिकांत बहुतेक वेळा पात्र दर फ्रेमला नव्यानं काढत नाहीत. डोकं, दंड, हात, पाय असे सुटे तुकडे एकदाच काढतात आणि सांध्यांवर जोडतात. आपल्या कळसूत्री बाहुलीसारखंच. याला रिग म्हणतात. अ‍ॅनिमेटर हालचालीतल्या मुख्य स्थिती ठरवतो, मधल्या बऱ्याचशा स्थिती सॉफ्टवेअर भरतं. त्याआधी पटकथा, स्टोरीबोर्ड, आवाजाचं रेकॉर्डिंग आणि कच्चा चित्रपट म्हणजे अ‍ॅनिमॅटिक हे टप्पे असतात. चूक इथेच पकडली तर स्वस्तात सुटते, पुढे गेली की महाग पडते. सिनॉप्सिसचंही अगदी तसंच आहे बरं का!

पण इथं एक गंमत बघा. तुकडे पुन्हा पुन्हा वापरायचे तर तेच गाव, तेच पोशाख, तेच खलनायक परत परत यायला हवेत. 'लिटल सिंघम'चं मिर्ची नगर म्हणूनच सोयीचं. म्हणजे गोष्ट अशी का आहे, याचं थोडं उत्तर लेखकाच्या डोक्यात आहे आणि थोडं खर्चाच्या हिशोबात. सिनेमातला सिंघम भ्रष्ट पुढाऱ्याशी लढतो. मुलांच्या मालिकेत तो पुढारी किती उरला आणि किती गळला? का गळला, वयामुळे की निर्मितीच्या सोयीमुळे?

हा झाला प्रश्न. 'कार्टून मालिकांचा अभ्यास' हा नुसता विषय आहे. माझा पहिला सिनॉप्सिस परत आला तेव्हा त्यावर पेन्सिलनं एवढंच लिहिलं होतं, "प्रश्न कुठे आहे?" माझा विषय भौतिकशास्त्रातला, पण आजार हाच. दोन महिने राग आला, मग कळलं की शेरा बरोबर होता. विषयाला 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर येत नाही. प्रश्नाचं उत्तर चुकीचंही निघू शकतं, आणि तसं निघू शकेल तेव्हाच तो संशोधनाचा प्रश्न.

दुसरी पायरी, शब्दाची मोजता येईल अशी व्याख्या. 'हिंसा' म्हणजे काय? थप्पड? ढकलणं? आपटल्यावर डोक्याभोवती चांदण्या फिरणं? लिहून ठरवा. मग दोघांनी एकमेकांना न विचारता तेच 100 प्रसंग तपासायचे. समजा दोघांनीही प्रत्येकी 70 प्रसंगांना 'हिंसा' म्हटलं आणि 80 ठिकाणी त्यांचं मत जुळलं. खूश होऊ नका. नुसत्या योगायोगानंही 0.7 × 0.7 + 0.3 × 0.3 = 0.58, म्हणजे 58 टक्के जुळणी झाली असती. जेकब कोहेन यांनी 1960 मध्ये दिलेला कप्पा हा योगायोग वजा करतो: (0.80 − 0.58) ÷ (1 − 0.58) = सुमारे 0.52. 80 टक्के ऐकायला भारी वाटतं, 0.52 सांगतं की व्याख्या अजून घासायला हवी.

तिसरी पायरी, उडी मारायची नाही. 'कार्टूनमुळे मुलं मारकुटी होतात' असं लिहून बांडुरांचा संदर्भ जोडणारे बरेच दिसतात. 1963 च्या त्या प्रयोगात 96 मुलं होती. काहींनी प्रत्यक्ष माणसाला फुगवलेल्या बाहुल्याला मारताना पाहिलं, काहींनी फिल्मवर, काहींनी मांजराच्या वेशातल्या कार्टूनसारख्या पात्राला. काहीच न पाहिलेल्या मुलांपेक्षा या तिन्ही गटांतल्या मुलांनी नंतर जास्त आक्रमक वागणूक दाखवली. निष्कर्ष मोलाचा आहे, पण तो प्रयोगशाळेतल्या खोलीतला आणि लगेच नंतरचा. त्यावरून फुलसावंगीतला माझा भाचा पाच वर्षांनी कसा वागेल, हे सांगता येत नाही. पुरावा जिथवर जातो तिथवरच आपण जायचं.

आता तुमचं काम. 'सिंघम' आणि 'लिटल सिंघम'चा कुठलाही एक भाग घ्या. एक प्रश्न एका वाक्यात लिहा. त्याखाली लिहा, कोणतं निरीक्षण आलं तर मी चुकलो असं मान्य करीन. हे दुसरं वाक्य सुचलं नाही, तर पहिलं वाक्य अजून विषयच आहे.

भाच्याला मी शेवटी कागदाचा सिंघम कापून दिला, सांध्यांना टाचण्या लावून. तासाभरात त्यानं एक हात मोडला आणि विचारलं, "मामा, टीव्हीतल्याचा का नाही मोडत?" पुढच्या सुट्टीपर्यंत उत्तर शोधायचंय.