गादीवरून अंगणात

महाडहून भोरकडे जाताना घाट चढण्यापूर्वी वरंध गाव लागते. आषाढ-श्रावणात येथे दिवसचे दिवस पाऊस उघडत नाही. तरी शेतकऱ्यांची मुले खाचरांच्या निसरड्या बांधांवरून तोल सावरीत सहज चालतात. व्यापारी घरातील बालकाला असा बांध क्वचितच लाभतो. खाली दुकान, वर बिऱ्हाड, समोर रहदारीचा रस्ता. गिऱ्हाइकीच्या वेळी मूल गादीवर बसते, हाती मोबाईल येतो. ते शांत राहते आणि घरच्यांना गुणी वाटते.

मूल चालू लागते ते बहुधा आपोआप; परंतु धावणे, उडी मारणे, लंगडी घालणे, चेंडू फेकणे व झेलणे ही कौशल्ये सरावावाचून पक्की होत नाहीत. सुमारे तीन ते सात वर्षे हा त्यांच्या पायाभरणीचा काळ. तो बसून गेला, तर पुढे शाळेच्या मैदानावर मूल मागे पडते आणि हसे होण्याच्या भीतीने खेळच टाळू लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की, तीन-चार वर्षांच्या बालकाची दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल व्हावी, त्यांपैकी ६० मिनिटे दमदार असावीत; पडद्यासमोरचा वेळ एका तासाहून अधिक नसावा.

महाराष्ट्राला ही दृष्टी नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम आरंभिले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. पाड्यांवरील मुले शाळेत येत नाहीत, हे पाहून शाळाच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. महागड्या साधनांची जागा परिसरातील साध्या वस्तूंनी घेतली.

घरीही एवढेच पुरे आहे. तीन वर्षांच्या मुलासाठी फरशीवर खडूची रेघ ओढावी व तिच्यावरून चालावयास सांगावे; मग दोन्ही पायांनी रेघ ओलांडू द्यावी. चौथ्या वर्षी मोठा, मऊ कापडी चेंडू जवळून, हलक्या हाताने टाकावा. लंगडी प्रथम हात धरून घालावी. पाच-सहाव्या वर्षी लगोरी व दोरीवरच्या उड्या. पावसाळ्यात ओसरी किंवा घरातील मोकळा कोपरा चालतो. फरशी मात्र कोरडी असावी. आजोबांनी स्वतः करून दाखवावे, भावंडांशी तुलना टाळावी.

साधु-साध्वींच्या पाच समितींत ईर्यासमिती पाहून चालण्याची आहे, तर आदान-निक्षेपण समिती वस्तू जपून उचलण्या-ठेवण्याची. श्रावकाच्या घरात हीच जयणा मुलांना शिकविली जाते. परंतु ज्याचा तोल पक्का आहे, तेच मूल मुंगी दिसताच उचललेले पाऊल अधांतरी थांबवू शकते. अहिंसेचा संस्कार शब्दांनी होतो, तसा पावलांनीही होतो.

सकाळी दुकान उघडण्यापूर्वीचा अर्धा तास मुलाच्या नावे मांडून ठेवावा. त्याचा जमाखर्च वहीत दिसणार नाही. मुलाच्या चालीत दिसेल.